पातेलं पडलं की नवरा चप्पल घालतो: ट्रॉमा, थेरपी आणि नातं, सोप्या भाषेत

आमच्या घरी स्वयंपाकघरात एखादं पातेलं हातातून सुटून पडलं की नवरा गप्प होतो, आणि त्याच वेळी माझा आवाज जरा चढलेला असेल तर तो पायात चप्पल सरकवतो आणि सरळ खाली उतरतो. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातली पंधरा वर्षं मला वाटायचं की हा माणूस मला टाळतोय, ह्याला माझं काही पडलेलंच नाही. मग मी अजून जोरात बोलायचे, जिन्यापर्यंत मागे जायचे, आणि तो अजून लांब जायचा, कधी कधी पार भांडुप स्टेशनपर्यंत चालत जाऊन तासाभराने परत यायचा आणि काही न बोलता जेवायला बसायचा. तीन वर्षांपूर्वी आम्ही दादरला एका थेरपिस्ट मॅडमकडे जायला लागलो. तिथे जे कळलं, आणि नंतर मी वाचून वाचून जे समजून घेतलं, ते इथे लिहितेय, नवऱ्याला विचारून लिहितेय. कारण कितीतरी घरांत हेच चाललेलं असतं आणि आपण 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडून देतो.

आधी ट्रॉमा ह्या शब्दाचं बघू. हल्ली ऑफिसात बॉस ओरडला तरी पोरं 'ट्रॉमा झाला' म्हणतात, तेवढा तो स्वस्त शब्द नाही. एखादी भयंकर गोष्ट घडते, ज्यात आपला जीव किंवा आपल्या माणसाचा जीव जातो की काय असं वाटतं, आणि आपल्या हातात काहीच नसतं. ती गोष्ट संपते, वर्षं जातात, पण ती संपली हे शरीराला कळायचं राहून जातं. ते जे राहून जातं ना, तो ट्रॉमा.

मॅडमनी हे बिल्डिंगच्या वॉचमनच्या उदाहरणाने सांगितलं. समजा सोसायटीत एकदा रात्री मोठी चोरी झाली, चोराच्या अंगात निळा शर्ट होता. त्यानंतर निळ्या शर्टातला कुणीही आला, डिलिव्हरीवाला असो नाहीतर तिसऱ्या मजल्यावरचे काका असोत, वॉचमन जोरात शिट्टी मारतो. तो काही मूर्ख नाही, तो त्याचं काम करतोय. मेंदूत असा वॉचमन असतो, बदामाएवढा एक भाग, त्याला अमिग्डला म्हणतात. त्याच्या शेजारी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, तो आठवणींवर तारखेचा शिक्का मारतो, की हे अमुक साली झालं, अमुक ठिकाणी झालं, आता संपलेलं आहे. आणि कपाळामागे विचार करणारा भाग असतो जो वॉचमनला सांगतो की अरे थांब, हे काका आहेत. भीती फार मोठी असली की हा शिक्का नीट बसत नाही आणि कपाळामागचा भाग ऐन वेळी मंदावतो, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आत्ता, ह्या मिनिटाला, ह्या स्वयंपाकघरात घडतेय असं अंगाला वाटतं. डोक्याला माहीत असतं की पातेलं पडलंय. अंगाला माहीत नसतं.

नवऱ्याचं लहानपण परळच्या चाळीत गेलं, दहा बाय बाराची खोली. वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यातल्या असंख्य लोकांची नोकरी कायमची गेली. माझे सासरे त्यातलेच. हा तेव्हा सहा वर्षांचा. सासूबाई दादरला चार घरी पोळ्या लाटायला जायला लागल्या, सासरे आधी नुसते बसून असायचे, मग प्यायला लागले, आणि मग रात्री भांडी फेकायला लागले. नवरा सांगतो की जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की तो मोजायचा, किती पायऱ्या राहिल्या, आणि पहिलं भांडं पडायच्या आत गॅलरीतून शेजाऱ्यांच्या घरात शिरायचा. सहा वर्षांच्या मुलाला ह्याहून शहाणं काय सुचणार? बाहेर पडणं हीच त्याला तेव्हा वाचवणारी गोष्ट होती, आणि अंगाने ती लक्षात ठेवली.

आता माझं. मी आठ वर्षांची असताना आईला अचानक हॉस्पिटलात नेलं, मला कुणी काही सांगितलं नाही, चिपळूणला मावशीकडे पाठवून दिलं. चार महिने मी रोज संध्याकाळी पडवीत बसून एसटीची वाट बघायचे. आई बरी होऊन आली, सगळं छान झालं, घरात कुणाला ती गोष्ट आठवतही नाही. पण कुणी काही न सांगता दार ओढून घेऊन निघून गेलं की माझ्या छातीत अजून धस्स होतं. म्हणजे बघा, माझा आवाज चढला की त्याला सासऱ्यांचा आवाज ऐकू येतो आणि तो निघून जातो, तो निघून गेला की मला ती पडवी दिसते आणि माझा आवाज अजून चढतो. दोघंही एकमेकांशी भांडत नव्हतो खरं तर, पण हे पंधरा वर्षं कळलं नाही.

जुन्या लोकांना हे माहीत नव्हतं असं नाही, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या ह्याच त्रासाला शेल शॉक म्हणायचे. पण पीटीएसडी, म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, ह्या नावाने तो अमेरिकन डॉक्टरांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आला, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. नवऱ्यासारखं जे वर्षानुवर्षं, घरातच, आपल्याच माणसाकडून होतं त्याला आता वेगळं नाव आहे, कॉम्प्लेक्स पीटीएसडी, जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ नावाची आजारांची यादी २०२२ पासून लागू झाली त्यात ते आहे. त्यात पीटीएसडीच्या नेहमीच्या लक्षणांसोबत अजून तीन गोष्टी सांगितल्यात, भावना आवरता न येणं, स्वतःला कमी लेखणं, आणि नाती टिकवताना त्रास होणं. नवऱ्याला हा आजार आहे असं मी म्हणत नाही, ते निदान करणं डॉक्टरचं काम, आमच्या मॅडमनीही असं लेबल लावलं नाही. पण नाती बिघडणं हे आजाराच्याच यादीत लिहिलेलं बघून मला रडू आलं, कारण तोपर्यंत मी ते आमच्या दोघांच्या खोटेपणाचं लक्षण समजत होते.

आणि मुंबईबद्दल एक सांगायचंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, दुसऱ्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी आपण डबा घेऊन कामावर. त्याचं कौतुक होतं, व्हायलाही हवं, पोट कुणाला चुकलंय. पण कामावर गेला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. माझ्या ऑफिसात एक सिनियर होत्या, २६ जुलैला त्या कुर्ल्याला छातीभर पाण्यातून चालत घरी गेल्या होत्या, इतक्या वर्षांनी सुद्धा जोरात पाऊस लागला की त्या दर पंधरा मिनिटांनी मुलाला फोन करायच्या आणि तो तिकडून वैतागायचा. मुलगा पंचविशीचा झालेला, त्याला आई संशयी वाटायची. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही शिट्टी कुठली आहे.

बरं, मग थेरपिस्ट नेमकं करतात काय. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी आडवं झोपवून लहानपणापासून सगळं विचारतील. तसं काही झालं नाही. पहिली तीन-चार सेशन मॅडम झोपेबद्दल, जेवणाबद्दल, आमच्या जवळची माणसं कोण ह्याबद्दलच विचारत होत्या, मला तर वाटलं पैसे फुकट चाललेत. नंतर कळलं की ह्याला कारण आहे. ज्युडिथ हर्मन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये बरं होण्याचे तीन टप्पे मांडले, आधी सुरक्षितता, मग आठवणीकडे बघणं आणि जे गेलं त्याचा शोक करणं, मग परत माणसांत येणं. पहिला टप्पा न करता दुसऱ्यात उडी मारली तर जखम नुसतीच उघडी पडते.

ह्यात एक गोष्ट अगदी उलटी निघाली. आपण म्हणतो ना, 'बोलून टाक, मन मोकळं कर', आणि समोरच्याच्या मागे लागतो. मी हेच करत होते. पण मोठ्या धक्क्यानंतर लगेच माणसाला बसवून सगळं तपशिलात वदवून घ्यायचं, ही जी पद्धत एके काळी होती, तिचा उपयोग होत नाही असं दिसून आलं आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका सांगते. त्याऐवजी काय, तर पाणी द्या, घरच्यांशी गाठ घालून द्या, शेजारी बसा, बोलावंसं वाटलं तर ऐका. आपल्याकडे मयताच्या घरी पिठलं-भात घेऊन जातात आणि गप्प बसून राहतात ते किती बरोबर आहे!

मॅडमची दुसरी सवय म्हणजे त्या इंग्लिश शब्दांवर थांबायच्या. मी म्हणाले, मला इनसिक्युअर वाटतं. त्या म्हणाल्या, 'ते राहू दे, अंगात कुठे काय होतं ते सांगा.' मी म्हणाले छातीत धस्स होतं, मग हातपाय गळतात. नवऱ्याला विचारलं तर तो आधी म्हणाला काही होत नाही, मग बऱ्याच वेळाने म्हणाला पोटात गोळा येतो आणि कानात दडे बसल्यासारखं होतं, समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं की त्याला तेव्हा ऐकू येत नाही! मी आपली ओरडून ओरडून समजावतेय. आपल्या मराठीत हे सगळं आधीपासून आहे बघा, जीव टांगणीला लागणं, घशात आवंढा, तळपायाची आग मस्तकात, अंगावर काटा. आजीला अमिग्डला माहीत नव्हता पण भीती पोटात बसते हे पक्कं माहीत होतं. थेरपी मराठीतून करण्याचा हा फायदा मला फार मोठा वाटतो, शक्य असेल तर आपल्या भाषेतच करा.

दुधाचं उदाहरणही मॅडमचंच. गॅस मोठा झाला की दूध उतू जातं, गॅस विझला की साय धरून गार पडतं, मधल्या आचेवर ते नीट तापतं. माणसाचं तसंच, उतू जाणं म्हणजे ओरडणं, धडधडणं, पळून जाणं, आणि गार पडणं म्हणजे सुन्न होणं, शून्यात बघत बसणं. मधल्या आचेला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सिगल ह्यांनी १९९९ मध्ये विंडो ऑफ टॉलरन्स असं नाव दिलं. ट्रॉमा झालेल्या माणसाची ही मधली जागा अरुंद झालेली असते, जरा काही झालं की उतू किंवा गार. ती जागा रुंद करायची, हेच पहिल्या टप्प्याचं काम, आणि ते अगदी साध्या गोष्टींनी होतं. श्वास आत घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा सोडायला जास्त लावायचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते, हे शरीराचं यंत्रच तसं आहे. तळपाय जमिनीला नीट टेकवायचे. आजूबाजूच्या पाच गोष्टींची मनात नावं घ्यायची. नवरा हे लोकलमध्ये करतो, वरच्या कडीचा गारवा हाताला लागतोय, मागच्याची बॅग पाठीला लागतेय, विक्रोळी गेलं, कांजूर आलं, असं. सहा महिने रोज केलं तेव्हा कुठे फरक दिसला, एका दिवसात काही होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात त्याने एकट्याने ईएमडीआर नावाची थेरपी केली. फ्रान्सिन शपिरो ह्या मानसशास्त्रज्ञांना १९८७ मध्ये फिरताना लक्षात आलं की डोळे इकडून तिकडे हलत असताना त्रासदायक विचारांची धार कमी होते, त्यातून त्यांनी ही पद्धत तयार केली. त्रासदायक आठवण थोडी थोडी मनात आणायची आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटांकडे डोळ्यांनी बघत राहायचं. ऐकायला विचित्र वाटतं, आणि डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती ह्यावर तज्ज्ञांचे अजून वाद आहेत, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यात हे आहे, आणि ट्रॉमासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी, ती पण आहे. आठवण पुसली जात नाही. नवरा म्हणाला, 'आधी ते भांडं माझ्या अंगावर येत होतं, आता ते परळला पडतं.' तारखेचा शिक्का बसला म्हणतात तो हाच.

मग आमचं दोघांचं काम. मॅडम इमोशनली फोकस्ड थेरपी वापरतात, ईएफटी. सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग ह्या दोघांनी १९८० च्या दशकात कॅनडात ती विकसित केली. त्यांचं म्हणणं असं की लहान मूल जसं घाबरलं की आईकडे धावतं, तशी गरज मोठेपणीही जात नाही, फक्त आता ती जोडीदाराकडे वळते. आणि भांडणाच्या तळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो, तू माझ्यासाठी आहेस ना? मॅडमनी एका कागदावर गोल काढला, वर लिहिलं 'ती आवाज चढवते', खाली 'तो निघून जातो', मध्ये बाण, आणि म्हणाल्या तुम्हा दोघांचं भांडण ह्या गोलाशी आहे. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे, कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलाय.

एका सेशनला मॅडमनी नवऱ्याला सांगितलं, 'माझ्याकडे नका बघू, बायकोकडे बघून सांगा, चप्पल घालताना आत काय होतं.' खूप वेळ तो खुर्चीच्या हाताचं रेक्झिन नखाने टोकरत राहिला. मग म्हणाला, 'मला वाटतं आता काहीतरी फुटणार. आणि फोडणारा मी असेन.' त्याला वडिलांसारखं होण्याची भीती होती, म्हणून तो घरातून स्वतःलाच बाहेर काढत होता. मला तोपर्यंत हे सुचलंही नव्हतं. मी काहीच बोलू शकले नाही, नुसता त्याचा हात धरला.

हाताचं निघालं म्हणून सांगते. जेम्स कोन नावाच्या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, सोळा विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून आता हलका शॉक बसू शकतो असं सांगायचे आणि मेंदूत काय होतं ते बघायचे. एकटी असताना धोक्याची शिट्टी जोरात, अनोळखी माणसाचा हात धरला तर थोडी कमी, नवऱ्याचा हात धरला तर अजून कमी, आणि ज्यांचं नातं चांगलं होतं त्यांना सगळ्यात जास्त फायदा. म्हणजे माणसाच्या हाताने माणूस शांत होतो ही नुसती भावुक गोष्ट नाही, मेंदूत ती दिसते. म्हणूनच मला वाटतं की ट्रॉमा हे एकट्याचं प्रकरण समजून माणसाला 'तू जा आणि नीट होऊन ये' म्हणणं चुकीचं आहे. जखम माणसांत झाली, ती भरायलाही माणूस लागतो.

रोजच्या भांडणासाठी आम्ही एक नियम केलाय. जॉन गॉटमन ह्यांनी अनेक वर्षं जोडप्यांवर अभ्यास केलाय, ते सांगतात की भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं काही डोक्यात शिरत नाही, निदान वीस मिनिटं थांबा. तर आता नवरा 'वीस मिनिटं' एवढंच म्हणतो आणि गच्चीवर जातो, रस्त्यावर नाही. आणि वीस मिनिटांनी परत येतो, येतोच, ही माझी अट. मी तोपर्यंत कपड्यांच्या घड्या घालते. पहिल्या वेळी मी सगळी वीस मिनिटं घड्याळाकडे बघत होते आणि एकोणिसाव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली, तेव्हा माझ्या अंगातून काय निघून गेलं ते मला शब्दात सांगता येणार नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील, तर दोघांनी एकत्र थेरपीला बसायचं ही पहिली पायरी नव्हे. आधी जीव सुरक्षित. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा हॉस्पिटलात दिलासा केंद्र आहे, ते अशाच बायकांसाठी सुरू झालं. समोरच्याला लहानपणी त्रास झाला म्हणून आज त्याने हात उगारलेला सहन करायचा, असं कुठलीही चांगली थेरपिस्ट सांगणार नाही.

मदत कुठे मिळेल, तर टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ मध्ये सुरू झाली, १४४१६, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. केईएम, सायन, नायर ह्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. प्रायव्हेटमध्ये आम्ही सेशनचे दीड हजार देत होतो, आम्हाला जड गेलं, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा जायचो. सायकायट्रिस्ट हे डॉक्टर असतात, गोळ्या देऊ शकतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, आणि काउन्सेलर हा शब्द कुणीही वापरतं, म्हणून शिक्षण काय आणि ट्रॉमाचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का हे बिनधास्त विचारा. आणि दोन-तीन सेशननंतर सूर जुळत नसेल तर थेरपिस्ट बदला, त्यात कुणाचा अपमान नाही.

सासूबाईंना आम्ही थेरपीला जातो हे पटायचं नाही. आमच्या वेळी कुठे होतं असलं, म्हणायच्या. ह्या वर्षी गणपतीच्या आधी नवरा माळा साफ करत होता, आणि त्याच्या हातून पितळी परात सुटली ती सरळ लादीवर, केवढा आवाज. मी सवयीने आधी त्याच्याकडे बघितलं. तो शिडीवर उभाच होता, एक लांब श्वास सोडला, ठीक होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो सासूबाईंकडे बघत होता. त्या कॉटवर वाती वळत बसल्या होत्या, हातातला कापूस तसाच घट्ट धरलेला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई दाराकडे बघत होती.

नवरा खाली उतरला, परात बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. कापसासकट त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग सासूबाईंनी विचारलं, 'चेपली का रे परात?'

'नाही आई. काही नाही झालं.'